मूळ कंपनीचा फिल्टर घ्यावा की बाजारातील? जुनी डिझेल आणि वॉरंटीतील पेट्रोल गाडी (इंदूर)

लोकमान्यनगरकर:

सर्वांस नमस्कार. आमच्या घरी दोन गाड्या असून दोन्हींचे सर्व्हिसिंग याच महिन्यात करावयाचे आहे. पहिली २०१७ सालची मारुती स्विफ्ट डिझेल, १.३ लिटर इंजिनाची. तिची वॉरंटी केव्हाच संपली असून ती आता ओळखीच्या मेकॅनिककडे जाते. दुसरी पेट्रोल हॅचबॅक अजून वाढीव वॉरंटीत आहे. डिझेल गाडी अधूनमधून बिजासन घाट उतरून धुळे-नाशिककडे जाते आणि उरलेला काळ इंदुरातच असते. शहराला स्वच्छतेचे कितीही पुरस्कार मिळोत, मेट्रोच्या आणि पुलांच्या कामांमुळे उडणारी धूळ आपण सगळेच रोज पाहतो.

मेकॅनिकने फिल्टर मीच आणून द्यावेत असे सांगितल्यामुळे सुट्या भागांच्या दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने डिझेल गाडीच्या ऑइल फिल्टरचे तीन डबे समोर ठेवले. एक गाडीच्या कंपनीच्या नावाचा, दुसरा एका प्रसिद्ध फिल्टर-निर्मात्याच्या स्वतःच्या नावाचा आणि तिसरा मी कधी न ऐकलेल्या नावाचा, पहिल्याच्या जेमतेम निम्म्या किमतीचा. दुसऱ्याविषयी त्याचे म्हणणे असे की, "आतला माल तोच आहे, फक्त डबा वेगळा." मेकॅनिक मात्र कंपनीचाच आणा, बाकी सगळे डुप्लिकेट, असे म्हणतो.

माझी शंका अशी की, दुकानदाराचे म्हणणे कितपत खरे मानावे, आणि ऑइल, डिझेल, हवा व केबिन या चारही फिल्टरांना एकच नियम लावावा की प्रत्येकाचा निर्णय वेगळा घ्यावा? पेट्रोल गाडीत बाहेरचा फिल्टर बसवल्यास वॉरंटी जाते, असेही ऐकतो. ज्यांना या व्यवसायाची आतून माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पीथमपूरकर:

मी पीथमपूरला वाहनांच्या सुट्या भागांच्या गुणवत्ता-तपासणीत काम करतो, फिल्टरांच्या कारखान्यात नाही, हे आधीच सांगतो. परंतु आपल्या दुकानदाराचे वाक्य अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे कोणते हे समजून घेतले की बाकीचे बरेचसे प्रश्न सुटतात.

मोटार कंपन्या सहसा स्वतः फिल्टर बनवत नाहीत. त्या आराखडा आणि कसोट्या ठरवून देतात आणि मान, माहले, बॉश, प्युरोलेटर, एलोफिक यांसारख्या निर्मात्यांकडून माल घेतात. त्यामुळे एकाच कारखान्यातून एकाच मापाचा फिल्टर मोटार कंपनीच्या डब्यातही जातो आणि निर्मात्याच्या स्वतःच्या डब्यातही जातो, हे खरे. पण मोटार कंपनीसाठी बनणाऱ्या फिल्टरचा कागद, त्याच्या घड्यांची संख्या, रबराचा प्रकार आणि व्हॉल्व्हचा दाब हे सगळे करारात बांधलेले असते, तर खुल्या बाजारासाठी तोच निर्माता स्वतःच्या निकषांवर माल काढू शकतो. कधी तो जसाच्या तसा असतो, कधी किंमत बसवण्यासाठी कागद थोडा बदललेला असतो, आणि काही वेळा, हेही सांगायला हवे, तो मूळ फिल्टरपेक्षा सरसही असतो. डब्यावरून यातले काहीच ठरत नाही. तरीही नावाजलेल्या निर्मात्याचा स्वतःच्या डब्यातला फिल्टर मी निःशंकपणे वापरतो, कारण त्याच्याकडे चाचणीची व्यवस्था असते आणि गमावण्यासारखे नाव असते. तिसऱ्या डब्याबाबत या दोन्ही गोष्टींची खात्री आपल्याला कोण देणार?

'२० मायक्रॉनचा फिल्टर' (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असे डब्यावर किंवा जाहिरातीत लिहिलेले दिसते, त्याबद्दल थोडे लिहितो, कारण सर्वांत जास्त फसगत तिथे होते. नुसत्या मायक्रॉनच्या आकड्याला अर्थ नाही. त्या आकाराचे किती कण अडतात हे सोबत सांगितले तरच तो आकडा कामाचा. ऑइल फिल्टरसाठी आयएसओ ४५४८-१२ ही बहुफेरी चाचणी आहे, जीत ठरावीक धूळ मिसळलेले तेल फिल्टरमधून पुनःपुन्हा फिरवून आत जाणारे आणि बाहेर पडणारे कण मोजतात. त्या दोन संख्यांचे गुणोत्तर म्हणजे बीटा. बीटा २ असेल तर निम्मे कण अडले, २० असेल तर ९५ टक्के आणि १०० असेल तर ९९ टक्के. म्हणजे २० मायक्रॉनला बीटा २ असलेला फिल्टर आणि २० मायक्रॉनलाच बीटा १०० असलेला फिल्टर, हे दोघेही डब्यावर '२० मायक्रॉन' लिहून मोकळे होतात. पहिला निम्मे कण पुढे सोडतो, दुसरा शंभरातला एक. जो निर्माता आपल्या माहितीपत्रकात मायक्रॉनसोबत टक्केवारी किंवा बीटा देतो आणि चाचणीचे नावही सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

आता आपल्या १.३ डिझेलपुरते. यात डब्यासारखा फिरवून लावायचा फिल्टर नसतो. इंजिनावर कायमचे घर असते आणि आतली कागदी कांडी व झाकणाची ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी गोल रबरी कडी, तेवढी बदलतात. अशा रचनेत बायपास व्हॉल्व्हसारखे (फिल्टर तुंबल्यास तेल बाजूने जाऊ देणाऱ्या झडपेसारखे) भाग सामान्यतः घरातच राहतात, म्हणून स्वस्त कांडीने व्हॉल्व्ह बिघडण्याचा धोका कमी. पण कांडीची उंची आणि टोकाच्या चकत्या हे मोजमाप मात्र काटेकोर हवे. कांडी किंचित आखूड असेल किंवा टोकाला नीट बसत नसेल तर तेल कागदातून न जाता बाजूने निघून जाते, दाबाचा दिवा लागत नाही, आवाज येत नाही आणि पुढचे दहा हजार किलोमीटर इंजिन जवळजवळ न गाळलेल्या तेलावर चालते. या इंजिनात टायमिंग चेन आहे आणि तिचा ताण तेलाच्याच दाबावर राखला जातो, तेव्हा तेलाच्या बाबतीत इथे कंजुषी नको.

डिझेल फिल्टरबाबत तर मी आणखी कडक आहे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरना (डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना) एकाच सामायिक नळीतून पुरवठा होणाऱ्या इंजिनात, डिझेल १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक दाबाने इंजेक्टरमध्ये जाते आणि इंजेक्टरमधील सरकत्या भागांतली फट अवघी दोन ते चार मायक्रॉनची असते. या फिल्टरला दोन कामे एकदम करायची असतात: अतिशय बारीक कण अडवणे आणि पाणी वेगळे करणे. साध्या कागदाचा नकली फिल्टर दिसायला हुबेहूब असतो, पण पाणी सरळ पुढे जाऊ देतो आणि मग पंप व इंजेक्टर गंजतात. एका इंजेक्टरच्या दुरुस्तीत कित्येक वर्षांचे मूळ फिल्टर येतील. इथे पहिला किंवा दुसरा डबा घ्या; तिसऱ्याचा विचारही करू नका.

सुदामानगरची ताई:

वॉरंटीच्या मुद्द्यावर लिहिते, कारण वकिलीच्या निमित्ताने ग्राहकांची प्रकरणे पाहण्यात येतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश देऊन एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो सुट्या भागांच्या बाजारपेठेवरील मक्तेदारीबद्दल. त्या आदेशात असेही होते की, ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द होईल अशी अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळेच नुकसान झाले असेल तर तेवढ्यापुरता दावा नाकारण्याची मुभा मात्र त्यांना राहील. पुढे या आदेशाविरुद्ध अपिले झाली, तो इतिहास लांबलचक आहे. आपल्यापुरता अर्थ असा की, 'बाहेरचा केबिन फिल्टर लावलात, आता इंजिनाची वॉरंटी गेली' असे काउंटरवर कोणी म्हणाले तर ते मुकाट्याने मान्य करण्याचे कारण नाही.

परंतु आपली गाडी वाढीव वॉरंटीत आहे, आणि वाढीव वॉरंटी हा बहुधा पैसे देऊन केलेला स्वतंत्र करार असतो. त्याच्या अटींमध्ये सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच आणि ठरलेल्या किलोमीटरवर व्हावे, असे स्पष्ट लिहिलेले सापडते. ती पुस्तिका आधी वाचा. हक्क असणे आणि तो हक्क बजावण्यासाठी दोन वर्षे ग्राहक आयोगात तारखा घेणे यांत मोठे अंतर आहे, आणि ऑइल फिल्टरच्या किमतीतील फरक त्या तारखांच्या मानाने नगण्य आहे. पेट्रोल गाडीची करारमुदत संपेपर्यंत इंजिनाशी संबंधित फिल्टर अधिकृत केंद्रातच बदलावेत, बिल जपून ठेवावे आणि बिलावर भागाचा क्रमांक लिहिलेला आहे की नाही हे तिथेच पाहून घ्यावे. केबिन फिल्टर मात्र खुशाल बाहेरून आणा. त्याचा इंजिनाशी काडीचा संबंध नाही.

सुटे भाग:

माझे इंदुरातच सुट्या भागांचे दुकान आहे, म्हणून माझे मत विक्रेत्याचे समजून त्यातले काही वजा करावे ही विनंती. मी तिन्ही प्रकारचे डबे विकतो आणि तिसरा डबा ग्राहक मागतो म्हणूनच ठेवतो.

वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. लोक मूळ आणि बाजारातील यांतच निवड करत बसतात, पण व्यवहारात सर्वांत धोकादायक माल चौथ्या प्रकारचा असतो: मूळ कंपनीच्या डब्यातला नकली फिल्टर. अनोळखी नावाचा स्वस्त फिल्टर निदान आपली ओळख लपवत नाही. नकली माल मात्र, ज्याची विक्री जास्त आणि ज्याचे नाव मोठे, त्याच्याच डब्यात येतो. म्हणून 'कंपनीचाच आणा' एवढे सांगून आपल्या मेकॅनिकने निम्माच सल्ला दिला. कुठून आणा, हेही सांगायला हवे होते.

डब्यावर छापील किंमत, निर्माता किंवा पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि महिना-वर्ष असणे २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या वजनमाप नियमांनुसार बंधनकारक आहे. नकली डब्यावर यांपैकी काहीतरी गाळलेले किंवा पुसट असते. हॉलोग्राम आहे एवढ्यावर जाऊ नका, हॉलोग्रामही छापून मिळतात. कंपनीने क्यूआर कोड दिला असेल तर तो कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून तपासा. नंतर फिल्टर हातात घेऊन पाहा. घड्या सारख्या अंतरावर आहेत का, दोन घड्या एकमेकींना चिकटल्या आहेत का, टोकाला गोंद ओघळला आहे का, रबर बोटाने दाबल्यावर परत जागेवर येते का. फिरवून लावायच्या फिल्टरमध्ये आतल्या भोकातून पाहिल्यास उलट तेल परतू न देणारा रबरी पडदा दिसतो. सिलिकॉनचा पडदा उष्णतेत जास्त टिकतो, साधा नायट्राइल रबराचा पडदा कालांतराने कडक होतो. तो कडक झाला की रात्री तेल खाली उतरते आणि सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर खडखड ऐकू येते.

आणि बिल घ्या. पक्के बिल, ज्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक आणि भागाचा क्रमांक असेल. पक्क्या बिलाचे नाव काढल्यावर जो दुकानदार भाव बदलतो, त्याच्याकडून मी स्वतः साधा बल्बही घेणार नाही. नकली व्यापारचिन्ह लावून माल विकणे हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली सहा महिने ते तीन वर्षे कारावासाचा गुन्हा आहे, त्यामुळे असा माल ठेवणारा कागद मागे ठेवत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आपल्या दुकानदाराने दाखवलेला दुसरा डबा हा माझ्याही मते डिझेल गाडीसाठी चांगला पर्याय आहे. फक्त तो निर्मात्याच्या सूचीत आपल्या इंजिनासाठीच दिलेला आहे ना, हे क्रमांकावरून जुळवून घ्या. 'स्विफ्ट डिझेल' एवढे सांगून मागू नका, कारण त्या नावाच्या गाड्या अनेक वर्षे आणि अनेक रूपांत निघाल्या आहेत.

लोकमान्यनगरकर:

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. ऑइल, डिझेल आणि वॉरंटी यांविषयी चित्र स्पष्ट झाले. हवेच्या फिल्टरविषयी एक शंका उरते. आमचा मेकॅनिक दर भेटीत हवेचा फिल्टर काढून कॉम्प्रेसरने हवा मारून देतो आणि 'अजून एक सर्व्हिसिंग सहज जाईल' असे म्हणतो. भाच्याने मात्र धुऊन पुन्हा वापरता येणारा, तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर बसवण्याचा आग्रह धरला आहे. त्याने ॲव्हरेज वाढते आणि आयुष्यभर फिल्टर घ्यावा लागत नाही, असे त्याचे म्हणणे. शिवाय डिझेल फिल्टर घरच्या घरी बदलता येतो का, हेही कळल्यास बरे होईल.

देवास रोड:

हवेच्या फिल्टरवर मी उत्तर देतो, आणि वरच्या दोघांपेक्षा थोडे वेगळे मत मांडतो. इथे मूळ की बाजारातील हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. फिल्टर घरात घट्ट बसतो की नाही आणि त्याला कोणी हात लावतो की नाही, हे जास्त महत्त्वाचे. हवेच्या फिल्टरची कडा मऊ फोमची किंवा रबराची असते. स्वस्त फिल्टरमध्ये ती कडा पातळ किंवा वेडीवाकडी असली की कागद कितीही उत्तम असो, धूळ कडेने आत जाते. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झ असते, आणि ते पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरच्या भिंती पॉलिश पेपर फिरवल्यासारख्या घासते. जुना फिल्टर काढल्यावर त्याच्या स्वच्छ बाजूच्या नळीत स्वच्छ कापड फिरवून पाहा; कापडाला धूळ लागली तर फिल्टरची बैठक चुकलेली आहे, मग डबा कोणाचाही असो.

कॉम्प्रेसरने हवा मारणे थांबवा. कागदी फिल्टर थोडा मळल्यावर उलट जास्त बारीक गाळतो, कारण अडकलेली धूळ स्वतःच चाळणीचे काम करते. चाचणीत नव्या फिल्टरची सुरुवातीची कार्यक्षमता नंतरच्यापेक्षा कमी भरते. जोराच्या हवेने घड्या फाकतात, कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात, आणि वरून फिल्टर छान पांढरा दिसत असल्याने मालक खूश राहतो. फार मळला असेल तर हलक्या हाताने झटकावा, नाहीतर बदलावा. इंदुरात बांधकामाच्या रस्त्याने रोज जाणे-येणे असेल तर पुस्तिकेतील 'धुळीच्या प्रदेशासाठी' दिलेले कमी अंतर धरावे.

ॲव्हरेजचे म्हणाल तर अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली पेट्रोल गाड्यांवर चाचण्या केल्या होत्या. तुंबलेला हवेचा फिल्टर बदलल्याने आधुनिक इंजेक्शन असलेल्या गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. प्रवेग मात्र ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. कारण सरळ आहे: हवा कमी आली की संगणक इंधनही कमी सोडतो. तेव्हा तुंबलेला फिल्टर बदलूनही जे ॲव्हरेज वाढत नाही, ते स्वच्छ कागदी फिल्टर काढून सुती जाळी लावल्याने वाढेल, ही आशा सोडावी. त्या जाळीची खरी अडचण तेलाची आहे. धुतल्यानंतर तेल जास्त लागले तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसते आणि मोजमाप चुकते. कमी लागले तर बारीक धूळ अडत नाही. शर्यतीच्या गाडीला, जिचे इंजिन वारंवार उघडले जाते, ते चालते. आपल्या भाच्याला माझा नमस्कार सांगावा आणि त्याच्या स्वतःच्या गाडीवर प्रयोग करू द्यावा.

केबिन फिल्टरमध्ये मात्र मी बाजारातील फिल्टरच पसंत करतो. अनेक गाड्यांना मूळ फिल्टर साधा कागदी मिळतो, तर त्याच मापात कोळशाचा थर असलेला फिल्टर नामांकित निर्माते देतात आणि तो पुढच्या ट्रकचा धूर व वास बराच कमी करतो. डॅशबोर्डच्या खणामागे तो सहसा हाताने बदलता येतो. कडेवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवावा, एवढेच. फार दाट फिल्टर बसवल्यास पंख्याचा झोत कमी पडतो, म्हणून उगीच सर्वांत महागडा घेऊ नये.

पीथमपूरकर:

हवेच्या फिल्टरबाबत वरील उत्तराशी मी सहमत आहे. वापरलेल्या तेलाच्या चाचणीत सिलिकॉनचे (पडद्याच्या रबराचे नव्हे, धुळीतील क्वार्ट्झमधल्या मूलद्रव्याचे) प्रमाण वाढलेले दिसले की प्रथम हवेच्या फिल्टरची बैठकच तपासतात.

डिझेल फिल्टर घरी बदलण्याविषयी: बदलता येतो, पण पहिल्या वेळी मेकॅनिकसमोर उभे राहून पाहावे असे माझे मत आहे. जुन्या फिल्टरच्या तळाशी पाण्याचा सेन्सर असल्यास तो नव्यावर बसवायचा असतो आणि त्याची ओ-रिंग नवी लागते. नवा फिल्टर उघड्या डिझेलने भरून बसवण्याची जुनी पद्धत कॉमन रेल गाडीत टाळावी, कारण भरताना डिझेल गाळलेल्या बाजूला पडले तर ते न गाळताच थेट पंपाकडे जाते. त्याऐवजी फिल्टर कोरडा बसवून, गाडीवर हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबावा. नसेल आणि टाकीत विजेचा पंप असेल तर इंजिन सुरू न करता चावी काही वेळा ऑन-ऑफ करून हवा निघू द्यावी. गाडी एकदम सुरू झाली नाही म्हणून स्टार्टर सलग मारत बसू नये. बॅटरी आणि स्टार्टर तर तापतातच, पण पंपही तेवढा वेळ डिझेलच्या वंगणाशिवाय फिरतो.

सुरू झाल्यावर दहा मिनिटे चालू ठेवून जोडांखाली पांढरा कागद धरावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावे. ऑइल फिल्टरच्या झाकणाबाबतही हेच. त्याची नवी ओ-रिंग बसवण्याआधी तिला ताज्या तेलाचे बोट फिरवायचे आणि जुनी ओ-रिंग खोबणीत राहिलेली नाही ना हे पाहायचे. दोन ओ-रिंगा एकावर एक राहिल्या तर गाडी महामार्गावर तेल ओतून देते, आणि तिथे फिल्टर कोणत्या कंपनीचा होता हे विचारून उपयोग नसतो. झाकणावर किती टॉर्क (आवळण्याचा जोर) हवा तो बहुतेक वेळा झाकणावरच कोरलेला असतो, तेवढाच द्यावा.